दोनशे डॉलरचा मुद्रांक आणि वकिलाची फी
(अमेरिकेतील ‘गन ट्रस्ट’ या दस्ताचा इतिहास)

एप्रिल १९३८ मध्ये जॅक मिलर आणि फ्रँक लेटन या दोन माणसांना अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात पकडण्यात आले. आरोप असा होता, की ओक्लाहोमातील क्लेअरमोरहून अर्कान्सातील सायलोम स्प्रिंग्ज या गावी येताना त्यांनी एक दुनळी, बारा बोअरची बंदूक बरोबर आणली. तिची नळी कायद्याने ठरवलेल्या १८ इंचांपेक्षा आखूड होती आणि तिच्यासोबत दोनशे डॉलरचा सरकारी मुद्रांक लावलेला कागद नव्हता. खालच्या न्यायालयात न्यायाधीश हार्टसिल रॅगन यांनी कायदाच घटनाबाह्य ठरवून दोघांना सोडून दिले. सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० मार्च १९३९ रोजी सुनावणी झाली, तेव्हा प्रतिवादींच्या बाजूला कोणीच नव्हते. त्यांच्या वकिलाला फी मिळाली नव्हती. सरकारच्या लेखी म्हणण्यावरच निकाल द्यावा, असे त्याने न्यायालयाला कळवून टाकले होते. निकाल १५ मे रोजी लागला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, मिलरचा गोळ्या घालून खून झाला होता.

निकालपत्र न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी लिहिले. अशा आखूड बंदुकीचा नागरी सैन्यदलाच्या उपयोगाशी काही संबंध आहे असा पुरावा समोर नाही, म्हणून ती बाळगण्याचा हक्क राज्यघटना देते असे म्हणता येत नाही, असा त्याचा आशय आहे. तसा पुरावा मांडायला न्यायालयात कोणी आलेच नव्हते. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे, म्हणजे २००८ सालच्या हेलर खटल्यापर्यंत, अमेरिकेतील शस्त्रहक्काची चर्चा या एकतर्फी सुनावणीच्या निकालाभोवती फिरत राहिली.

या जोडीला दुसरा खटला ठेवून पाहावा. १९६८ च्या जानेवारीत याच कायद्याखालचा हेन्स याचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्याच्याकडेही नोंद नसलेली आखूड नळीची बंदूकच सापडली होती आणि मिलरच्या मानाने त्याची बाजू काही अधिक गोंडस नव्हती. पण त्याच्या वतीने एक नेमका मुद्दा मांडला गेला. ज्याच्याकडे शस्त्र आधीच बेकायदा आहे त्याला ‘नोंद कर’ म्हणणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे होय, आणि तशी सक्ती घटनेला मंजूर नाही. हेन्स सुटला. सरकारला त्याच वर्षी कायद्याची ही कलमे नव्याने लिहावी लागली.

कायदा एक, शस्त्र जवळपास एकच, आणि फरक वकिलाचा. ‘वकील करावा की आपणच कागद तयार करावा?’ हा प्रश्न या कायद्याच्या इतिहासात असा सुरुवातीपासूनच दडलेला आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लाखो सामान्य अमेरिकी माणसांपुढे तो एका वेगळ्याच रूपात उभा राहिला. त्या रूपाचे नाव ‘गन ट्रस्ट’.

कर म्हणून आलेली बंदी

दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांत टोळ्यांनी मशीनगन वापरल्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका गॅरेजमध्ये सात माणसे भिंतीशी उभी करून मारली गेली. या आणि अशा घटनांनी देश हादरला होता. रूझवेल्ट सत्तेवर आल्यावर त्यांचे महान्यायवादी होमर कमिंग्ज यांनी शस्त्रनियंत्रणाचा कायदा आणायचे ठरवले. परंतु सरसकट बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे की नाही याबद्दल शंका होती. कर बसवण्याचा अधिकार मात्र निःसंशय होता. म्हणून २६ जून १९३४ रोजी मंजूर झालेला ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ हा कर-कायदा म्हणून जन्माला आला. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि सायलेन्सर यांच्या प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर कर. कर भरला की मुद्रांक मिळायचा आणि शस्त्राची नोंद सरकारी पटावर व्हायची.

दोनशे डॉलर ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. आजच्या हिशेबाने ती साडेचार हजार डॉलरच्या वर जाते. टॉमी गन या टोपणनावाने प्रसिद्ध असलेली थॉम्प्सन मशीनगन साधारण तेवढ्याच किमतीला मिळे. म्हणजे कर वस्तूच्या किमतीइतका. काही डॉलरच्या सायलेन्सरलाही तोच कर होता. सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात याच कायद्याने शस्त्रविक्रेत्यांवर बसवलेला कर वैध ठरवला.

या कायद्यात एक विसंगती राहून गेली आणि ती आजही आहे. मूळ मसुद्यात पिस्तुले व रिव्हॉल्व्हरही होती. लांब बंदुकीची नळी कापून तिचे पिस्तूल करू नये, म्हणून आखूड नळीचे कलम घातले होते. पुढे विरोधामुळे पिस्तुले यादीतून वगळली गेली, पण त्यांच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण तसेच राहिले. म्हणून आजही साधे पिस्तूल या कायद्यात येत नाही, मात्र १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल येते. नोंदीशिवाय ती जवळ सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

रक्कम न बदलल्यामुळे महागाईने हा कर हळूहळू झिजवला. विसाव्या शतकाच्या अखेरीस दोनशे डॉलर ही मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली होती. खरी अडचण दुसरीकडे होती. व्यक्तीने अर्ज करायचा तर बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक पोलीसप्रमुखाची किंवा शेरीफची सही लागे. सही करायची की नाही हे त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. एका परगण्यात ती सहज मिळे, शेजारच्या परगण्यात अधिकारी कोणालाच सही देत नसे. तालुक्याच्या कचेरीत एका सहीसाठी खेटे घातलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

साधूंचा आणि सरदारांचा वारसा

या सहीतून वाट काढण्यासाठी जे साधन सापडले, ते बंदुकीपेक्षा कितीतरी जुने होते.

आपल्याकडे ट्रस्ट म्हटले की देवस्थान, शिक्षणसंस्था आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय डोळ्यांपुढे येते. इंग्लिश कायद्यात ट्रस्टचे मूळ रूप खासगी आणि घरगुती आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. मालक मेला की वरिष्ठ सरदाराला किंवा राजाला नजराणा द्यावा लागे. वारस अज्ञान असेल तर जमीन आणि मूल दोन्ही त्याच्या ताब्यात जात. त्यावर उपाय म्हणून मालक आपल्या हयातीतच जमीन काही विश्वासू मित्रांच्या नावे करून देई आणि सांगे, ‘नाव तुमचे, पण उपभोग माझ्या बायकामुलांचा.’ दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन साधूंना काहीच स्वतःच्या मालकीचे ठेवता येत नसे. त्यांच्यासाठीही दुसऱ्यांनी घरे अशीच धरून ठेवली. नाव एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, ही ती कल्पना. मित्राने दगा दिला तर साधे न्यायालय दाद देत नसे. चॅन्सलरचे न्यायालय मात्र सद्सद्विवेकाच्या आधारे त्याला शब्द पाळायला लावी.

राजाचे उत्पन्न बुडू लागले तेव्हा आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये कायदा करून ही वाट बंद करण्याचा प्रयत्न केला. जमीनदारांचा असंतोष इतका वाढला, की चारच वर्षांनी, १५४० मध्ये, मृत्युपत्राने जमीन देण्याची मुभा द्यावी लागली. वकिलांनी पुढे हेन्रीच्या कायद्यातूनही पळवाट शोधली आणि आजचा ट्रस्ट त्यातून घडला. इंग्लिश कायद्याचे थोर इतिहासकार मेटलंड यांच्या मते कायद्याच्या क्षेत्रात इंग्रजांनी घडवलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट होय.

या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली, ट्रस्ट हा जन्मापासूनच सरकारी अडथळ्याला वळसा घालण्याचा मार्ग आहे. दुसरी, त्याचे मूळ काम मृत्यूनंतरचे आहे. मालक नसताना त्याचा शब्द कोणी, कोणासाठी आणि कसा पाळायचा याची ती व्यवस्था आहे. गन ट्रस्टच्या लाटेत लोकांना पहिली गोष्ट चटकन दिसली आणि दुसरी मागे पडली.

पळवाटेची लाट

१९३४ च्या कायद्याच्या नियमांत ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी आणि ट्रस्टही येत. मात्र ठसे, छायाचित्र आणि शेरीफची सही या अटी फक्त हाडामांसाच्या माणसाला लागू होत्या. ट्रस्टला बोटे नसतात! ट्रस्टच्या नावाने अर्ज केला की शेरीफच्या दारात जायचे कारण उरत नसे.

दुसरा फायदाही होता. एखाद्याने सायलेन्सर स्वतःच्या नावाने घेतला, तर कायदेशीर ताबा फक्त त्याचा. तो परगावी असताना तिजोरीची किल्ली पत्नीकडे राहिली, तर तिचा ताबा बेकायदा ठरण्याची भीती राही. ट्रस्टमध्ये पती आणि पत्नी दोघेही विश्वस्त असले की हा प्रश्न मिटतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. या शस्त्रांचा पट ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाने, म्हणजे ए.टी.एफ.ने, दिलेल्या माहितीप्रमाणे ट्रस्ट व तत्सम संस्थांच्या नावाने आलेले अर्ज २००० साली सुमारे ८४० होते. २००९ मध्ये ते सुमारे १२,६०० झाले आणि २०१२ मध्ये सुमारे ४०,७००.

इतक्या माणसांना ट्रस्टचा दस्त कोणी लिहून दिला? येथे आपल्या मूळ प्रश्नाला तोंड फुटते. वकिलाची फी काही शे डॉलर, म्हणजे मुद्रांकापेक्षाही जास्त. दुसरीकडे घरगुती कायदेशीर कागद बनवणारे संगणकाचे सॉफ्टवेअर चाळीस-पन्नास डॉलरना दुकानात मिळे. त्यात नाव-गाव भरले, छापले, नोटरीपुढे सही केली की ट्रस्ट तयार. असे दस्त इतके पसरले, की त्या सॉफ्टवेअरच्या नावावरून बंदूकवाल्यांच्या बोलीत ‘क्विकन ट्रस्ट’ हा शब्दच रूढ झाला. वकिलांच्या तोंडी तो हेटाळणीचा होता, तर स्वतःच्या हिमतीवर काम उरकणाऱ्यांच्या तोंडी थोड्या अभिमानाचाही.

पुस्तक वाचकाला ओळखत नाही

या चढाओढीला मोठी पार्श्वभूमी आहे. १९६५ मध्ये नॉर्मन डेसी या कनेक्टिकटच्या गृहस्थाने प्रोबेट कसे टाळावे याविषयीचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. डेसी वकील नव्हता. मृत्युपत्र न्यायालयात शाबीत करून घेण्याची प्रक्रिया म्हणजे प्रोबेट. तिच्यात वेळ जातो, वकिलांची फी जाते आणि घरातील व्यवहार चव्हाट्यावर येतो. त्यावर डेसीचा उपाय म्हणजे हयातीतच ट्रस्ट करणे. पुस्तकात कोरे नमुने होते. फाडा, भरा आणि सही करा. पुस्तक तडाखेबंद खपले. न्यूयॉर्कच्या वकील संघटनेने ही सनदेशिवाय केलेली वकिली आहे, असा दावा लावला. खालच्या न्यायालयांत संघटना जिंकली. १९६७ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयाने मात्र निकाल फिरवला. पुस्तक विशिष्ट माणसाला त्याच्या विशिष्ट परिस्थितीत सल्ला देत नाही. लेखक आणि वाचक यांच्यात वकील-अशिलाचे नाते नाही. म्हणून पुस्तक छापणे ही वकिली नव्हे, असा त्यामागचा विचार होता.

तीस वर्षांनी टेक्सासमध्ये हाच वाद सॉफ्टवेअरबद्दल झाला. सनदेशिवाय होणाऱ्या वकिलीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने ‘क्विकन फॅमिली लॉयर’च्या निर्मात्यांविरुद्ध दावा लावला. जानेवारी १९९९ मध्ये डॅलसच्या केंद्रीय न्यायालयाने समितीच्या बाजूने निकाल दिला. हे सॉफ्टवेअर प्रश्न विचारून उत्तरांप्रमाणे दस्त बदलते, ते निव्वळ पुस्तक नव्हे, असा मुद्दा होता. त्यावर राज्याच्या विधिमंडळाने लगेच कायदा दुरुस्त केला. ‘हे वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही’ असे ठळकपणे छापले असेल तर असे सॉफ्टवेअर विकणे ही वकिली ठरणार नाही, अशी ती दुरुस्ती होती. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने आधीचा निकाल रद्द केला.

कोणत्याही विद्यापीठाच्या शिक्क्याशिवाय जुने कागद वाचत बसणाऱ्या माझ्यासारख्याचा कल या दोन्ही लढायांत डेसीकडे आणि सॉफ्टवेअरकडे जातो, हे लपवत नाही. ज्ञानाला कुलूप लावून त्याची किल्ली भाड्याने देण्याचा हक्क कोणत्याच व्यवसायाला असू नये. परंतु हे निकाल नीट वाचले की त्यातील दुसरी बाजूही दिसते. पुस्तकाला आणि सॉफ्टवेअरला स्वातंत्र्य मिळाले ते ती वाचकाला ओळखत नाहीत, या आधारावर. त्यांची मर्यादाही नेमकी तीच आहे. नमुना कोणाच्याही घरात बसतो. पण घरातील कोणत्या मुलाला पूर्वी शिक्षा झाली आहे, कोणती मुलगी कोणत्या राज्यात राहते, दुसऱ्या लग्नाची भानगड काय आहे, हे तो विचारत नाही.

मुद्रांक कशाचा पुरावा?

नमुन्यावरच्या दस्तात कोणत्या चुका राहतात? पहिली, अगदी मुळाशी असलेली: ट्रस्ट करणारा, एकमेव विश्वस्त आणि एकमेव लाभार्थी असा एकच माणूस. नाव एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, हाच तर ट्रस्टचा अर्थ. दोन्ही एकाचेच झाले तर ट्रस्ट उरत नाही. मग त्या नावाने नोंदवलेले शस्त्र नेमके कोणाकडे आहे?

दुसरी चूक माणसांची निवड. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला किंवा कायद्याने शस्त्र बाळगण्यास अपात्र असलेला भाऊ विश्वस्त म्हणून लिहिला गेला, की ताबा घेताक्षणी गुन्हा घडतो. इथे अमेरिकेतील मराठी घरांचाही संबंध येतो. तेथे तात्पुरत्या व्हिसावर, उदाहरणार्थ एच-वन-बीवर, असलेल्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर कोणतेही बंदुकीचे शस्त्र बाळगता येत नाही. ग्रीनकार्डधारकाला किंवा नागरिकाला ही आडकाठी नाही. एखाद्या नागरिक झालेल्या काकांनी मायेपोटी नव्यानेच नोकरीला आलेल्या पुतण्याचे नाव विश्वस्तांत घातले, तर ती माया त्या पुतण्याला तुरुंगाच्या दारात नेऊ शकते. सॉफ्टवेअर हे विचारत नाही आणि काकांना सुचत नाही.

तिसरी चूक भूगोलाची. सायलेन्सर बहुतेक राज्यांत चालतो, पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय यांसह आठ राज्यांत सामान्य नागरिकाला तो ठेवता येत नाही. बाप टेक्सासमध्ये आणि लाभार्थी मुलगा न्यू जर्सीत असेल, तर ‘माझ्या पश्चात सर्व वस्तू मुलास द्याव्यात’ हे साधे वाक्यच विश्वस्ताला कायदा मोडायला सांगते. वस्तू विकून पैसे द्यावेत, अशी एक ओळ असती तर भागले असते.

यांतील बऱ्याच चुका मालकाच्या हयातीत उघड होत नाहीत. अर्जासोबत ट्रस्टचा दस्त जातो, तपासणारा कारकून तो पाहतो आणि मंजुरी येते. मालकाला वाटते, सरकारनेच शिक्का मारला म्हणजे दस्त पक्का. पण तो मुद्रांक त्या अर्जाला मिळालेली मंजुरी आणि भरलेला कर दाखवतो. दस्त पुढे टिकेल का, याची हमी तो देत नाही. ट्रस्ट वैध आहे की नाही हे राज्याच्या कायद्याने ठरते, आणि तो प्रश्न वीस-तीस वर्षांनी, मालक नसताना, त्याच्या विधवेपुढे किंवा मुलांपुढे येतो. दस्त लिहिणाऱ्याला आपली चूक कळत नाही आणि भोगणाऱ्याला ती सुधारता येत नाही.

मग वकील केला की सुटलो का? तसेही नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये लूकस विरुद्ध हॅम हा प्रसिद्ध निकाल दिला. वकिलाने लिहिलेल्या मृत्युपत्रातील ट्रस्ट मालमत्ता फार काळ बांधून ठेवण्याविरुद्धच्या जुन्या नियमात अडकला आणि लाभार्थींचे नुकसान झाले. न्यायालयाने म्हटले की लाभार्थींना वकिलावर दावा लावता येतो. पण हा नियम इतका किचकट आहे की त्यात चुकणे हा निष्काळजीपणा मानता येणार नाही! वकिलांच्या सभांमध्ये या निकालावर आजही हसू फुटते. यातून घ्यायचे ते इतकेच, की सनद म्हणजे त्या विषयाची जाण नव्हे. घराच्या खरेदीखतात मुरलेला वकील १९३४ च्या शस्त्रकायद्यात नवशिका असू शकतो.

पळवाट बंद होते

२००९ च्या अखेरीस या शस्त्रांच्या व्यापारी व संग्राहकांच्याच एका संघटनेने नियम सुधारण्याचा अर्ज सरकारकडे केला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये ओबामा सरकारने नवा नियम प्रस्तावित केला आणि १३ जुलै २०१६ पासून तो अमलात आला. ट्रस्टमधील प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’ने ठसे आणि छायाचित्र द्यायचे. मात्र शेरीफच्या सहीची अट सर्वांसाठीच काढून टाकली. आता त्याला अर्जाची प्रत पाठवली की पुरे. ज्या सहीला वळसा घालण्यासाठी हजारो ट्रस्ट झाले, ती सहीच नाहीशी झाली. उलट चार विश्वस्त असतील तर चौघांचे ठसे देणे आले.

त्यानंतर करही गेला. ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरील दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. मशीनगन व स्फोटक शस्त्रांवर तो तसाच राहिला, आणि नोंदणी सर्वांनाच सक्तीची राहिली. कर म्हणून वैध ठरलेल्या कायद्यात करच उरला नाही तर नोंदणीचा आधार काय, असे खटलेही दाखल झाले. कमिंग्ज यांनी नव्वद वर्षांपूर्वी निवडलेल्या वाटेचा हिशेब असा उलटा फिरला आहे.

म्हणजे गन ट्रस्ट करण्याची दोन लोकप्रिय कारणे इतिहासजमा झाली, शेरीफ आणि मुद्रांकाशी होणारी फीची तुलना. उरले ते साधूंच्या आणि सरदारांच्या काळापासूनचे मूळ काम: ताबा वाटून घेणे आणि मृत्यूनंतर सुखरूप पुढे देणे.

मग वकील करावा का?

या इतिहासाच्या उजेडात प्रश्नाचा क्रम बदलतो. ‘वकील की सॉफ्टवेअर’ हे नंतर येते. आधी विचारावे लागते, की ट्रस्ट हवाच आहे का? एकट्या माणसाकडे एखाद-दुसरा सायलेन्सर आहे आणि वारस सज्ञान, पात्र आणि त्याच राज्यात राहणारा आहे, तर स्वतःच्या नावाची नोंद पुरते. मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाच्या नावे करमुक्त हस्तांतर करण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी मृत्युपत्र, आणि अशी वस्तू घरात आहे हे माहीत असलेला एक जाणता माणूस हवा. हा दुसरा भाग लोक विसरतात. बापाच्या पश्चात कपाट आवरताना सापडलेली ‘जुनी बंदूक’ कोणीतरी शेजाऱ्याला विकतो आणि गुन्हा घडून जातो.

नवरा-बायको दोघांना ताबा हवा, दोघेही पात्र, मुले सज्ञान आणि सारे एकाच अनुकूल राज्यात, असे असेल तर नमुन्यावरचा ट्रस्टही बहुधा निभावून नेईल. अट एवढीच, की तो समजून वाचलेला हवा आणि त्याच राज्याच्या कायद्यासाठी लिहिलेला हवा.

काही घरांत मात्र फी वाचवणे महागात पडेल. वारस अज्ञान असतील, ते प्रतिकूल राज्यात असतील, घरात कोणी अपात्र असेल, दोन लग्नांची मुले असतील, तर वकील करावा. मशीनगन असेल तर नक्कीच. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला नोंदवता येत नाही. त्यामुळे आधी नोंदल्या गेलेल्या मोजक्या तोफा आज हजारो डॉलरच्या, अनेकदा घराच्या सुरुवातीच्या भरण्याइतक्या किमतीच्या आहेत. नोंदीत गोंधळ झाला तर ही मालमत्ता पैसा राहत नाही, मुद्देमाल होते.

आणि वकील कसा असावा, तर प्रश्न विचारणारा. पहिल्या भेटीत वस्तूंची यादी मागण्याआधी जो माणसांची यादी मागतो, कोण कुठे राहतो, कोणावर खटला झाला होता, तुमच्यानंतर तिजोरी कोण उघडेल हे विचारतो, त्याची फी योग्य जागी जाते. जो आपल्या संगणकातील ठरलेला नमुना छापून देतो, त्याच्यापेक्षा चाळीस डॉलरचे सॉफ्टवेअर बरे. निदान ते आपण वकिलाची जागा घेत नाही असे वेष्टनावर छापते.

मध्ययुगातील सरदार मित्रांच्या हाती जमीन सोपवत होता, तेव्हा त्याच्यापुढे खरा प्रश्न मित्र निवडण्याचा होता. कागद दुय्यम होता. अमेरिकी बंदूकधारकापुढेही तोच प्रश्न आहे. शेरीफची सही आणि दोनशे डॉलरचा मुद्रांक यांनी तो काही वर्षे झाकून ठेवला होता, एवढेच. आता ती दोन्ही पडदे बाजूला झाल्यावर दस्तावर राहतात ती माणसांची नावे. ती नावे घालण्याआधी त्या माणसांना एकदा समोर बसवून सांगितले आहे का, हे विचारणारा वकील मिळाला तर उत्तम, नाही तर ते काम मालकाने स्वतः करायचे आहे.